नवा बेस जुना करणारी

कारखान्यात तिला सगळे कानसताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते वाचायची वेळ मालकांवरही क्वचितच यायची. लहानमोठ्या कानशी तिच्या टेबलावर ओळीने मांडलेल्या असत, आणि त्यातली एखादी कोणी न विचारता उचलली तर ताई जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्याशी बोलत नसे. एवढं सोडलं तर बाई बोलघेवडी. प्रश्न विचारून विचारून समोरच्याच्या नाकी नऊ आणणारी.

तिचं काम सांगायला सोपं आणि पटवून द्यायला महाकठीण होतं. त्या कारखान्यात बेस बनत. बेस म्हणजे गिटारचा थोरला भाऊ: लांब दांडी, चार जाड तारा, आणि आवाज असा की कानाआधी पोटाला कळतो. कोरा करकरीत बेस ताईच्या टेबलावर यायचा, आणि ती त्याचं रूप पार उतरवून, त्याला कोणाच्या तरी बापाच्या वयाचा करून परत द्यायची. त्यासाठी तिला पगार मिळायचा.

याआधी अर्धं आयुष्य तिने एका फर्निचरवाल्याकडे काढलं होतं. तिथे लोकांची जुनी कपाटं, टेबलं, खुर्च्या यायच्या आणि ती त्यांना नव्याची झळाळी द्यायची. तो धंदा बसला. बेसवाल्या मालकांनी तिचा हात बघितला होता. त्यांनी विचारलं की हेच उलटं जमेल का. उलटं म्हणजे काय, असं तिने विचारल्यावर ते म्हणाले, नव्याचं जुनं करायचं. हा माणूस थट्टा करतोय की याचं डोकं फिरलंय, हे तिला कळेना. पण पगार बरा होता, म्हणून तिने दोन्ही शक्यता पोटात ठेवल्या.

पुढे तिला कळलं की मालकांचं डोकं अगदी जागेवर आहे. फिरलेलं असलंच तर बाजाराचं. जुन्या गिटारी फार महाग झाल्या, तेव्हा बेसकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. बेसवाल्याकडे तसंही कोणी बघत नाही. फोटो काढणारासुद्धा त्याला अर्धा कापून टाकतो. पण गिटारी हाताबाहेर गेल्यावर हौशी लोकांची नजर बेसवर पडली, आणि जुन्या बेसचे भाव गगनाला भिडले. जे ते घेऊ शकत नव्हते त्यांना जुन्यासारखा दिसणारा नवा हवा झाला, आणि त्याचेही भाव मागोमाग चढायला लागले. लाकूड तेच, तारा त्याच. पण गुळगुळीत, चकचकीत बेसला जो भाव यायचा, त्याच्या दुप्पट भाव ताईने खरवडून ठेवलेल्या बेसला यायचा. जेवढा खराब, तेवढा महाग.

हे का, हा किडा ताईच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, लोकांना ऊब हवी असते. तारा चढवणाऱ्या माणसाला, म्हणजे कारखान्यातल्या तारवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, लोकांकडे पैसा उतू चाललाय, दुसरं काय. एकदा एक दातांचा डॉक्टर बेस न्यायला आला होता, त्यालाही तिने गाठलं. तो जरा विचार करून म्हणाला की दिवसभर मी जपून जपून काम करतो, घरी गेल्यावर मला असं काहीतरी हातात हवं असतं जे आधीच कोणीतरी बिघडवलेलं आहे. हे उत्तर तिला आवडलं. ते तिने घरी नेलं, भांडी घासताना पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितलं, आणि पुरं पडत नाही म्हणून सोडून दिलं.

कामाचं म्हणाल तर पहिला बेस तिने चारही बाजूंनी सारखा घासला होता, आणि मालकांनी कपाळाला हात लावला होता. मांजराच्या तावडीतून सुटल्यासारखा दिसतोय, म्हणाले. त्यावर ती दोन दिवस रुसली, आणि रुसव्यातच तिला कळलं की वस्तू आपली आपण झिजत नाही. तिला एक माणूस झिजवतो, आणि प्रत्येक माणूस वेगळीकडे. तेव्हापासून तिची एक पद्धत पडली. नवा बेस आला की तो मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, हा कोण?

मग तो माणूस यायचा. डावखुरा आहे. पोट सुटलंय, म्हणून बेस जरा तिरका धरतो. अंगठी घालतो, बायकोने दिलेली, काढत नाही. त्या पोटाच्या हिशेबाने पाठीमागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे पडायचे, अंगठीच्या हिशेबाने दांडीमागे खाचा. कोपर टेकतो तिथलं रोगण पॉलिशपेपरने उतरायचं. सगळ्या अंगावर गरम हवा मारून लगेच गार फवारा दिला की रोगणाला केसासारखे तडे जायचे. तारवाला रोज सकाळी विचारायचा, ताई, आज कोण आलंय? आणि ताई गंभीर चेहऱ्याने सांगायची की आजचा माणूस घामट आहे, जरा लांब बस.

आता तिच्या दादाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

तिचा थोरला भाऊ तरुणपणी एका हॉटेलच्या हॉलमध्ये बेस वाजवायचा. फिक्या आकाशी रंगाचा, कोणीतरी वापरून विकलेला बेस होता तो, दुकानातला सगळ्यांत स्वस्त. ताई तेव्हा शाळेत होती. दादाच्या बेसची वायर गळ्यात अडकवून त्याच्या मागोमाग जायची आणि समोरच्या खुर्चीवर बसून फक्त त्याच्याकडे बघायची. त्या हॉलमध्ये फक्त त्याच्याकडे बघणारी ती एकटीच. पुढे परगावच्या एका कार्यक्रमाहून येताना तो बेस गाडीतून कोणीतरी उचलून नेला. दादाने दुसरा घेतला नाही. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून तो चष्म्याच्या काचा घासायला लागला. एकाने काच घासायची आणि दुसरीने लाकूड, आमच्याकडे घासण्याचंच वळण आहे, असं तो म्हणायचा.

पण शोध काही सुटला नाही. कुठल्याही रस्त्याने जावं, वाद्यांचं दुकान दिसलं की दादा आत. वहिनी म्हणायची, ह्यांना भाजीला पाठवलं तर हे पेट्यागिटारी बघून हात हलवत परत येतात. असंच एकदा दोघं भावंडं जात असताना एका काचेआड ताईनेच जुना केलेला बेस टांगलेला होता. दादा थांबला, त्याने निरखून बघितलं आणि म्हणाला की बघ, कोणीतरी बसून हे ओरखडे काढलेत. एखाद्याने दुसऱ्याच्या दुखण्याची नक्कल करावी, तसं वाटतं मला. ताईने मान डोलावली. तेव्हापासून घरी कोणी कामाचं विचारलं तर ती बेसच्या कारखान्यात पॉलिशचं काम आहे एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं, पण सांगताना तिची नजर दुसरीकडे असायची.

मालकांना शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेसाठी एक खास बेस हवा होता. असा, की रस्त्यावरचा माणूस चालता चालता थबकला पाहिजे. ताईच्या टेबलावर फिका आकाशी बेस आला. तिने तो मांडीवर घेतला, डोळे मिटले, आणि हा कोण म्हणून विचारलं. बराच वेळ कोणी आलंच नाही. मग तिचे हात आपसूक चालायला लागले, आणि काय चाललंय हे तिला कळलं तेव्हा अर्धं काम झालं होतं.

दादा घड्याळ उजव्या हाताला बांधायचा, कारण डावा हात सतत दांडीवर, त्याच्यावरचं घड्याळ दिसत नसे, आणि हॉल तर वेळेवर बंद करावा लागे. त्या घड्याळाच्या स्टीलच्या साखळीने तारांखाली अर्धगोल ओरखडे पडले होते. ताईने बाजारातून तसलीच साखळी आणली, मनगटावर चढवली आणि हात दुखेपर्यंत घासली. अंगठा टेकायची जागा खोल केली. दांडीचं रोगण चौथ्या पट्टीपर्यंतच, म्हणजे खालच्या सुरांपुरतंच, उतरवलं आणि पुढे तसंच चकचकीत ठेवलं. दादा त्यापलीकडे कधी जायचाच नाही. वरचं गिटारवाला सांभाळतो, मी कशाला तिथे गर्दी करू, म्हणायचा. शेवटी खालचा कोपरा गोल करताना तिच्या हातातली कानस निसटली, आणि नखाएवढा टवका उडून तिथे चीप पडली आणि पांढरं लाकूड दिसायला लागलं. ताईने स्वतःला चार शब्द सुनावले, चिपेच्या कडा मऊ केल्या, त्यात मळ भरला आणि प्रकरण मिटवलं.

मालक बघतच राहिले. त्यातही ती चीप त्यांना फार आवडली. त्यांनी भाव असा लावला की तारवाल्याने शीळ घातली. ताई फुगली. दादा सगळी दुकानं पालथी घालतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि आपलं काम मनासारखं झालं की माणसाची अक्कल थोडे दिवस सुट्टीवर जाते.

महिनाही झाला नसेल. सुट्टीच्या दिवशी सकाळीच दादा तिच्या दारात उभा राहिला. पायातले बूट न काढता, छत्री हातातच ठेवून थेट स्वयंपाकघरात आला. असं त्याने कधी केलं नव्हतं.

"बारके, सापडला," तो म्हणाला.

काय सापडला हे विचारायची गरज नव्हती. ताईने गॅस बारीक केला. दादा मात्र बोलतच सुटला. त्या दुकानात त्याने तो काचेत बघितला होता. चोराने कंपनीचं नाव खरवडून काढलंय, खुंट्या बदलल्यात, पण खुणा सगळ्या जागच्या जागी आहेत. दुकानदार जुन्या धर्तीचा नवा आहे म्हणतो, पण तो तसंच म्हणणार, नाहीतर कोणी मालकीचा कागद मागेल. त्याने दुकानदाराला आजचा दिवस थांबायला सांगितलं होतं. आणि त्याच्या खिशात पैसे होते.

ते पैसे कशाचे, हे ताईला माहीत होतं. काच घासायचं त्याचं मशीन वर्षभर थरथरत होतं. काचांच्या कडा उडायच्या, चष्म्याची दुकानं माल परत पाठवायची, आणि दोन दुकानांनी तर काम देणंच बंद केलं होतं. नव्या मशीनसाठी त्याने आणि वहिनीने पै पै बाजूला काढली होती. वहिनीला सांगितलंस का, असं ताईने विचारलं. दादा म्हणाला, सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, घेऊन या, मशीनचं बघू काहीतरी. हे ऐकून ताईला रडूच आलं, आणि कढईत काहीतरी टाकायचं निमित्त करून तिने तोंड फिरवलं.

त्याला ती सोबत हवी होती. तो बेस जवळून बघितलेलं दुसरं कोणी नव्हतंच, आणि बाई त्याच धंद्यातली, तिचं दुकानदार ऐकेल. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि दादा शेजारी गुडघ्यावर बोटांनी ताल धरून. तिने ती बोटं इतक्या वर्षांत हललेली पाहिली नव्हती. गप्प बसलं तर काय होईल, याचा तिने मनाशी हिशोब मांडून बघितला. दादा सुखात राहील. मालक खूश होतील. वहिनीने होकार दिलाच आहे. आणि दुखण्याची नक्कल करणारी ती कोण, हे दादाला कधीच कळणार नाही. हिशोब इतका सोयीचा जुळत होता की तिला स्वतःचीच लाज वाटली. तरीही दुकान येईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही.

दुकानदाराने बेस काढून काउंटरवर ठेवला. दादाने चष्मा पुसला आणि तिला एकेक खूण दाखवायला सुरुवात केली. हे घड्याळाचं. आठवतं ना, हॉलचा मॅनेजर दाराशी उभा राहून मनगटावर बोट आपटायचा? हा अंगठा. हे बकल, आईने दिलेल्या पट्ट्याचं. ताई हो हो म्हणत होती. आपलंच काम कोणी इतक्या मायेने समजावून सांगेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं. तिला आनंद होत होता आणि तो आनंद होतो याचा रागही येत होता.

मग दादाने बेस कलता केला आणि कोपऱ्यातल्या चिपेवर बोट ठेवलं.

"आणि ही. हॉलच्या मागच्या जिन्यावर पडला होता. तू होतीस तेव्हा. तू रडायला लागलीस, आणि मी तुला म्हटलं, अगं बेस पडलाय, मी नाही."

ताई चिपेकडे बघत राहिली. तिला तो जिना आठवत नव्हता. रडल्याचं आठवत नव्हतं. तिला फक्त कानस निसटल्याचं आठवत होतं, आणि स्वतःला दिलेल्या शिव्या. घड्याळ खरं होतं, अंगठा खरा होता, त्या तिने बघून काढलेल्या गोष्टी होत्या. पण ही चीप कोणाचीच नव्हती, आणि दादाने त्या चिपेलाही एक जिना दिला होता. लोकांना खराब केलेला बेस का हवा असतो ते हे होतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिला कळलं की आता गप्प बसता येणार नाही. कारण हा बेस घरी गेला तर दादा त्याच्यावरच्या प्रत्येक ओरखड्याला अशीच एक आठवण देत बसेल, आणि तिला दर वेळी हो म्हणावं लागेल.

"दादा, ही चीप माझ्या हातून पडली," ती म्हणाली. "हा बेस मी जुना केलाय. आमच्या कारखान्यातला आहे. तुझा आठवून आठवून केला."

दुकानदाराने कारखान्याचं नाव घेऊन मान हलवली. मी कधीचा हेच सांगतोय, असा त्याचा चेहरा होता. दादाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बहिणीकडे बघत होता. तिने सगळं सांगून टाकलं: साखळी, पॉलिशपेपर, गरम हवा आणि गार फवारा, डोळे मिटून विचारायचा तो प्रश्न. एवढी वर्षं पॉलिशचं काम म्हणून का सांगितलं, तेही. 

 दादाने स्टुलावर टेकून बेस मांडीवर घेतला आणि दांडीवरून हात वर नेला, जिथे रोगण चकचकीत होतं तिथपर्यंत.

"हे इथे कोरं का ठेवलंस?"

"तू वर कधी जायचास कुठे."

"जायचो की. घरी एकटा असलो की. हॉलमध्ये नाही जायचो." तो जरासा हसला. "काल पहिल्यांदा बघितलं तेव्हाच हे खटकलं होतं मला. म्हटलं, कोणीतरी दांडी बदलली असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो बघ."

त्याला राग आलाय का, असं तिने विचारलं. आलाय, तो म्हणाला. पण घड्याळाचं तू बरोबर काढलंस, तेही खरं. मग त्याने दोन-चार सूर वाजवले, तारा हाताला लागल्या तशी बोटं झटकली, आणि बेस काउंटरवर नीट ठेवून दिला. किमतीची चिठ्ठी उलटी झाली होती. ती त्याने सुलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली. मग वेगळ्याच आवाजात त्याने विचारलं की हा नक्कल केलेला असून एवढ्याला, मग खऱ्या जुन्याला काय भाव येतो. ताईने दुकानदाराकडे बघितलं. याच्या कितीतरी पट, दुकानदार म्हणाला, आणि दर वर्षी चढतोच आहे. दादाचा साधासुधा होता, स्वस्तातला, ताई म्हणाली. स्वस्तातलेही आता कोणी सोडत नाही, दुकानदार म्हणाला. त्या काळातला आहे ना, मग माळ्यावरून उतरवून, साफ करून, पेटीत घालून ठेवतात लोक.

दादा पुन्हा स्टुलावर बसला.

"तुला एक सांगू? तो चोरीला गेला याचं मला एवढं नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, फुकट उचलला, विकायला गेला तर कोणी विचारलं नसेल, आणि मग टाकला असेल कुठेतरी उकिरड्यावर. पावसात. ते डोळ्यांसमोर यायचं. दुकानं बघत फिरायचो ना, ते तो मिळावा म्हणून कमी, आणि उकिरड्यावर नाही हे कळावं म्हणून जास्त."

 ताई त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आता नाही टाकणार कोणी," दादा म्हणाला. "एवढा भाव आहे म्हटल्यावर चोरसुद्धा जपेल."

तो उठला. दुकानदाराचे आभार मानले, खिसा चाचपून पैसे जागेवर असल्याची खात्री केली, आणि बाहेर येऊन मशीनवाल्याकडे कुठली बस जाते ते ताईला विचारलं. तिने सांगितलं. थांब्याकडे वळताना तो रेंगाळला. इथून दोन चौक पुढे आणखी एक दुकान आहे, ते बघायचं राहिलंय, असं म्हणाला. ताईने त्याच्या हातातली छत्री आपल्या हातात घेतली आणि म्हणाली की चल, तेही बघू, मशीनवाला कुठे पळून चाललाय.